गोधडीतले साहेब

“यामिनी, इकडे ये. पण किंचाळायचं नाही हं,” रेहाना म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

मी वाचलं आणि किंचाळले.

पडद्यावर रुईकर पेढेवाल्यांच्या गोधडीचा निकाल होता. त्या गोधडीतून मी जे काही ओढून काढलं होतं, त्यात चार माणसांचा डीएनए सापडला होता. एक, खुद्द रुईकर. ठीक आहे, गोधडी त्यांचीच. दुसरा, पोलिसांनी पकडलेला संशयित. फारच छान. तिसरी कुणीतरी बाई, ओळख नाही. आणि चौथ्यापुढे संगणकाने लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘कर्मचारी क्रमांक एक’.

आमच्या प्रयोगशाळेत कामाला लागलं की पहिल्याच दिवशी गालाच्या आतून कापूस फिरवून प्रत्येकाचा नमुना घेत. तो संगणकात कायमचा बसे. चोर पकडायला नाही, आमचीच पापं पकडायला. कुणाची शिंक, कुणाचा केस, कुणाची थुंकी पुराव्यात पडली तर लगेच कळावं म्हणून. आणि क्रमांक एक म्हणजे आमचे विभागप्रमुख, डॉक्टर भार्गव निरगुडकर. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत.

“अगं, साहेब त्या गोधडीत काय करत होते?” मी विचारलं.

“तेही एका बाईबरोबर,” रेहाना म्हणाली. रेहाना मुल्ला माझ्या आधी लागलेली, कामात तरबेज, आणि दुसऱ्याची फजिती म्हणजे तिचा जीव की प्राण.

मला मात्र हसू येईना. कारण मी अजून कच्ची होते. म्हणजे नोकरी लागली होती, पण पक्की झाली नव्हती. कॉलेजातली शिकवायची कायमची जागा सोडून मी इथे आले होते. तेव्हा बाबा म्हणाले होते, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेयस, पस्तावशील.” आता साहेबांनी माझ्या कागदावर सही केली की मी पक्की, नाही केली की गाशा गुंडाळून बाबांच्या समोर हजर. तो कागद साहेबांच्या टेबलावर तयार पडला होता. आणि साहेबांचा नियम शिपायापासून सगळ्यांना पाठ होता: ज्याच्या हातून पुरावा बाटला, त्याने दुसरीकडे पोट भरावं.

त्या शहराचं नाव मी सांगणार नाही. साहेब निवृत्त होऊन तिथेच राहतात आणि रोज संध्याकाळी फिरायला निघतात. उगाच कुणी त्यांना थांबवून विचारायला नको.

तर रुईकरांची चोरी. थंडीचे दिवस होते. चोराने दुकानाचं मागचं दार उचकटलं, देव्हाऱ्यातली चांदी पोत्यात भरली आणि मग त्याला पेढ्यांची परात दिसली. बरं, खावेत चारदोन आणि निघावं. पण मोह वाईट. पोटाला तड लागेपर्यंत पेढे खाल्ल्यावर माणसाला जे होतं तेच त्याला झालं. रुईकरांची गोधडी पांघरून तो तिथेच घोरत पडला. सकाळी कुलूप काढल्याचा आवाज आला तेव्हा चांदी घेऊन पळाला. पोलिसांनी एकाला धरलं, पण त्याच्याकडे चांदी काही मिळाली नाही, आणि तो शपथेवर सांगत होता की मी त्या गल्लीत उभ्या जन्मात गेलो नाही. मग गोधडी आमच्याकडे आली.

कापूस, चिंध्या, गादी, लोकर, असल्या वस्तूंचं एक दुखणं असतं. घाम म्हणा, लाळ म्हणा, वर राहतच नाही, ती वस्तू पिऊन टाकते. आम्ही वरून ओला कापूस फिरवायचो, म्हणजे कापसाने कापूस पुसायचा. हाती लागायचं जेमतेम, बाकी सगळं तिच्या पोटात. म्हणून एक नवं यंत्र आलं होतं. एका तोंडाने ते कापडावर स्वच्छ द्रव फवारायचं आणि दुसऱ्या तोंडाने लगेच शोषून बाटलीत ओढायचं. मग तो द्रव गाळायचा आणि गाळणीवर उरेल त्यातून डीएनए काढायचा. आम्ही त्याला पंप म्हणायचो. साहेब त्याला गालिचा धुवायचं मशीन म्हणायचे आणि त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. मी मात्र हट्टाने मागून घेतला आणि गोधडीवर मनसोक्त चालवला. एकदा फिरवला. बाटलीत गढूळ पाणी आलं तेव्हा हुरूप येऊन पुन्हा फिरवला. मग म्हटलं, होऊन जाऊ दे आणखी एकदा.

“माझं ऐक,” रेहाना म्हणाली. “साहेब जेवणानंतर केबिन बंद करून घेतात. आत काय करतात?”

“काम करतात.”

“घोरत काम करतात? खुर्चीत मान अवघडते गं. पुराव्याच्या खोलीत एसी आहे, अंधार आहे, आणि समोर एवढी गुबगुबीत गोधडी. माणूसच आहे ना शेवटी.”

“आणि ती बाई?”

रेहानाने डोळे मिटून मान डोलावली. “तेच तर इंटरेस्टिंग आहे.”

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. निकाल लपवणं हा आणखी मोठा गुन्हा. आम्ही दोघी कागद घेऊन केबिनमध्ये गेलो. म्हणजे मी गेले. रेहाना माझ्यामागे अशी उभी राहिली की दार तिच्या जास्त जवळ असेल.

“आला का गोधडीचा निकाल?” साहेब म्हणाले.

“आला, सर.”

“संशयिताशी जुळला?”

“जुळला.”

“शाब्बास. मग चेहरा का असा?”

“आणखी एका माणसाशी जुळला, सर.”

“कुणाशी?”

मी मागे पाहिलं. रेहाना छताचा पंखा निरखत होती. मेली ऐन वेळी अशीच करते.

“तुमच्याशी, सर.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

“अशक्य,” ते म्हणाले. “मी त्या गोधडीला बोटही लावलेलं नाही. मी त्या खोलीत गेलोच नाही.”

“नाही म्हणजे सर, दुपारी जेवणानंतर कधी कधी माणूस दमलेला असतो...”

“खोतबाई! मी पुराव्यावर जाऊन झोपलो असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“मी नाही म्हणत, सर.”

“मग कोण म्हणतंय?”

आता मीही पंखा बघायला लागले. तेवढ्यात रेहानाला कुठून धीर आला कुणास ठाऊक. ती म्हणाली, “सर, शिवाय एक बाई पण आहे.”

“कुठे?” साहेब दाराकडे बघत म्हणाले.

“गोधडीत, सर. तुमच्याबरोबर.”

साहेब म्हणजे एरवी एक शिंक आली तरी खुलासा मागणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला.

“हे बघा, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. ऑफिसात नाही, पोलिसांत नाही. आणि माझ्या घरी तर... आमच्या हिचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही.”

“पण सर, अहवालात लिहावंच लागेल,” मी म्हटलं. “उद्या आरोपीचा वकील विचारेल, चोराच्या गोधडीत विभागप्रमुख कसे?”

मग एकदम त्यांना वाट सापडली, आणि ती वाट माझ्या अंगावरून जात होती.

“गेल्या आठवड्यात माझा फोन कुणी वापरला होता?”

“मी, सर. बाबांना फोन करायचा होता, तुम्हीच म्हणालात की...”

“झालं तर. माझ्या फोनला हात लावलात, तेच हात गोधडीला लागले. पुरावा तुम्ही बाटवलात.”

“मी मोजे घातले होते, सर! आणि तुमच्या फोनवर ती बाई कुठून येणार?”

“ते तुम्ही मला लेखी कळवायचं. सोमवारपर्यंत.” त्यांनी टेबलावरचा माझा तो कागद उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला.

बाहेर आल्यावर मी जिन्यात बसून रडले, खोटं कशाला सांगू. राग त्यांचा येत होताच, पण भीती जास्त होती. घरी परत जाऊन बाबांचं “मी म्हटलं नव्हतं?” ऐकायची. रेहाना माझ्याशेजारी बसली आणि पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाली, “तुझ्या हातून बाटलेला नाही पुरावा. मी समोर होते. पण सिद्ध कसं करणार?”

मी नाक पुसलं. आणि पुसता पुसता माझ्या डोक्यात आलं की मी पंप चालवला, पण वरून काय आहे ते वेगळं बघितलंच नाही. माझ्या हाताने साहेब गोधडीला लागले असते, तर ते गोधडीच्या वर असते. हाताला लागलेली घाण कापडाच्या वरच राहते.

“चिकटपट्टी!” मी म्हटलं.

पारदर्शक चिकटपट्टी कापडावर दाबायची आणि उचलायची. वरवरचं तेवढं तिला चिकटतं, खोलातलं जागच्या जागी राहतं. पंप जिथे लागला नव्हता त्या सगळ्या भागावर आम्ही पट्ट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी निकाल आला. वर रुईकर होते. वर संशयित होता, भरपूर होता, तोंडाकडच्या बाजूला तर लाळ गाळून झोपला होता पठ्ठ्या. साहेब नव्हते. बाई नव्हती.

मी तशीच केबिनमध्ये गेले.

“सर, तुम्ही गोधडीवर नाही आहात.”

“मी काय सांगत होतो!”

“तुम्ही गोधडीच्या आत आहात.”

“शब्द जपून वापरा,” साहेब म्हणाले. “आत म्हणजे काय?”

“सर, गोधडी एका कापडाची नसते. थरावर थर असतात आणि सगळ्यांतून धावदोरा आरपार घातलेला असतो. टाक्याटाक्याला सुईचं भोक. पंपाचं पाणी त्या भोकांतून खाली उतरलं आणि खालच्या थरांत जे मुरलेलं होतं ते वर घेऊन आलं. मी जरा जास्तच फिरवला पंप, ते कबूल. पण मी काही आत घातलं नाही, आतलं बाहेर काढलं. आत काय आहे ते बघायचं तर गोधडी उसवावी लागेल.”

साहेबांना ते पटलं की नाही माहीत नाही. पण उसवलं तर आपली त्या बाईपासून सुटका होईल एवढं त्यांना नक्की पटलं. नाइलाजाने निकाल जोडून त्यांनी पोलिसांना पत्र पाठवलं आणि त्याच दुपारी हवालदार धोत्रे पोलिसांच्या वतीने साक्षीला आले. धोत्रे गोल, हसरे आणि कामाला फार उत्साही. कॅमेरा लावला, गोधडी मोठ्या टेबलावर पसरली, सगळ्यांनी मोजे आणि मास्क चढवले. रेहानाने बारीक कात्रीने कडेचे टाके कापायला सुरुवात केली.

वर नवं चिटाचं कापड. त्याखाली धोतर, धुऊन धुऊन पार विरलेलं. मग एक मोरपंखी साडी. रेहानाने ती अलगद उचलून बाजूला घेतली आणि खालून नारिंगी-तपकिरी चौकटीचा जाड शर्ट निघाला. पाठीचा सगळा भाग शाबूत, कॉलर तेलकट काळी, कोपराला निळ्या दोऱ्याचं रफू.

साहेब पुढे वाकले. मग एकदम मागे झाले.

“कॅमेरा बंद करा,” ते म्हणाले.

“सर, पुराव्याचं चित्रीकरण मध्ये थांबवता येत नाही,” रेहाना गोड आवाजात म्हणाली. “तुमचाच नियम आहे.”

“मग लिहा,” साहेब खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. “हा माझा शर्ट आहे.”

खोलीत कुणी हललं नाही. धोत्रे सोडून.

“तुमचा? साहेब, मग चोरीला गेला होता का? तक्रार दिली होती?”

“इस्त्रीवाल्याने हरवला. दोन वर्षांपूर्वी. आईने घेतलेला शर्ट होता. तो मी धुवायलासुद्धा देत नसे, विरेल म्हणून. फक्त एकदाच आमच्या हिने इस्त्रीला दिला, आणि त्या माणसाने... नाही म्हणायचा! पोराची शपथ घेऊन नाही म्हणायचा! तेव्हापासून मी माझे कपडे स्वतः इस्त्री करतो.”

“नाव सांगा, साहेब, आत्ता उचलतो त्याला,” धोत्रे म्हणाले आणि खरोखर वायरलेसला हात घातला.

“थांबा. आधी घरी विचारतो, त्याचं दुकान हललं का कुठे ते.” साहेबांनी मोजा काढला, बाजूच्या खोलीत जाऊन फोन लावला आणि दार उघडंच राहिलं. “कुमुद, तो शर्ट सापडला. चौकटीचा. हो, तोच. एका गोधडीत. आता त्या इस्त्रीवाल्याला मी सोडत नाही, हवालदार इथेच आहेत... हॅलो? कुमुद? काय म्हणालीस? तू कशाला येतेस?”

थोड्याच वेळात खाली रिक्षा थांबली आणि निरगुडकर वहिनी जिना चढून आल्या. ठेंगण्या, घामेजलेल्या, हातात अजून भाजीची पिशवी. घाईत ती ठेवायचंही सुचलं नव्हतं. आम्ही त्यांना काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. तिथून टेबल दिसत होतं.

“त्या गरिबाला काही करू नका,” त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. “त्याने नाही हरवला. मी दिला बोहारणीला.”

“बोहारणीला?” साहेब म्हणाले. “माझा शर्ट? आणि मला सांगितलंस इस्त्रीवाला?”

“मग काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर तुम्ही रस्तोरस्ती बोहारीण शोधत फिरला असता. आईंनी घेतला, आईंनी घेतला म्हणून किती वर्षं बघू मी? कोपर बाहेर आलेलं, कॉलर अशी की दारात भिकारी आला तरी द्यायची लाज वाटावी. आंघोळीला गेलात तेव्हा काढला खुंटीवरून.”

“एका भांड्यासाठी!”

“भांडं? तुमच्या त्या शर्टावर चमचासुद्धा देईना ती! फुकट घे म्हटलं तरी नको म्हणे. वर माझी साडी घातली तेव्हा कुठे उचलला. सकाळी अंगावरून काढून बादलीत टाकलेली, धुतलीसुद्धा नव्हती, तशीच दिली पिळून. तेव्हा एक चाळणी मिळाली, तीही साडीची.”

साहेबांचा चेहरा बघून मला त्या क्षणी त्यांची खरंच दया आली. शर्ट गेल्याचं दुःख एक, आणि त्याची बाजारात काय किंमत झाली ते ऐकायचं दुसरं. रेहाना मास्कच्या आत हसून हसून लाल झाली होती.

तोंड उघडायची वेळ नव्हती, पण धोत्रे म्हणजे धोत्रेच. ते मोठ्या काळजीने म्हणाले, “ते शर्टाचं मिटलं, वहिनीसाहेब. पण साहेबांबरोबर त्या गोधडीत एक बाई पण आहे म्हणे. ती कोण, ते राहिलं.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. आपण आजवर एवढे मुडदे, एवढे पुरावे बघितले, पण आपल्याला हे बघावं लागेल असं त्यांना वाटलं नसावं.

वहिनींनी साहेबांकडे पाहिलं नाही. त्यांनी काचेतून टेबलाकडे पाहिलं.

“ती साडी मोरपंखी आहे का गं?” त्यांनी मला विचारलं.

“हो, वहिनी.”

“पदराच्या टोकाला भाजलेलं आहे? कढईचा चटका लागून?”

मी आत जाऊन पदर उलगडला. टोकाला रुपयाएवढा काळा डाग होता.

“मग ती बाई मीच,” वहिनी म्हणाल्या. “दुसरी कोण असणार? तो शर्ट घातलेल्या माणसाच्या जवळ दुसरं कोण येणार होतं?”

धोत्रे इतके मोठ्याने हसले की त्यांना मास्क काढावा लागला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी जो सुस्कारा सोडला तो मी आजवर विसरलेले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. साहेबांची रहस्यमय बाई रोज त्यांना पोळ्या करून वाढत होती. वहिनींनी लगेच गालाचा नमुना दिला आणि पुढे तो तंतोतंत जुळलाही. बोहारणीकडून दोन्ही कपडे एकत्रच गोधड्या शिवणाऱ्या बाईकडे गेले आणि रुईकरांनी आठवडी बाजारातून ती गोधडी घेतली, एवढा साधा प्रवास होता.

“माझा शर्ट,” साहेब हळूच म्हणाले. “तो परत मिळेल ना?”

“कसा मिळेल, साहेब?” धोत्रे म्हणाले. “तो आता रुईकरांचा. गोधडीसकट मुद्देमाल.”

नियम नियम असतो. साहेबांनी स्वतःच्या हाताने शर्टाची घडी घातली, तो कागदात गुंडाळला, लाख वितळवली आणि स्वतःच्या शर्टावर स्वतःची मोहोर मारली. कॉलरवरून बोट फिरवताना ते क्षणभर थांबले, ते आम्ही न पाहिल्यासारखं केलं.

मग जबाबाचा प्रश्न आला. साहेब आणि ती बाई गोधडीत कसे आले, हे वहिनींच्या सहीनिशी कागदावर यायला हवं होतं. नाहीतर साहेबांना कोर्टात उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मुख्यालयाची चौकशी लागली असती ती वेगळीच. धोत्रेंनी जबाब लिहून काढला आणि वहिनींपुढे ठेवला.

वहिनी वाचायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तुझे डोळे का गं असे सुजलेत? आल्यापासून बघतेय.”

“काही नाही, वहिनी.”

“काही नाही कसं?” रेहाना उसळून म्हणाली. “साहेबांनी हिच्याकडे लेखी खुलासा मागितलाय. पुरावा हिने बाटवला म्हणून. हिचा नोकरीचा कागद ड्रॉवरमध्ये टाकलाय, सही न करता. सोमवारी ही घरी जाणार होती.”

“म्हणजे माझ्या चाळणीपायी हिची नोकरी?” वहिनींनी जबाबाचा कागद टेबलावर उलटा ठेवला आणि साहेबांकडे वळल्या. “आधी हिच्या कागदावर सही करा.”

“कुमुद, हे ऑफिस आहे. इथे असं चालत नाही. तिचा खुलासा येईल, मी तो तपासेन, मग रीतसर...”

“खुलासा समोर बसलाय. भाजी घेऊन आलाय. तपासा.”

“हा सरळ सरळ दबाव आहे.”

“हो.”

“धोत्रे, तुम्ही साक्षीदार आहात,” साहेब म्हणाले.

“मी शर्टाचा साक्षीदार, साहेब,” धोत्रे म्हणाले. “नवराबायकोत मी पडत नाही.”

वहिनींनी पिशवीतून मटाराच्या शेंगा काढल्या आणि शांतपणे सोलायला घेतल्या. आपल्याला घाई नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते.

ते केबिनमध्ये गेले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. कागद घेऊन ते परत आले, उभ्या उभ्या सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायला लागले. लिहिताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांना हसताना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते हसूच होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

“आणा इकडे,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. “‘कामात फार खोल जातात. आवश्यकतेपेक्षा जास्त खोल. परंतु जे आत आहे तेच बाहेर काढतात, पदरचं घालत नाहीत. सेवेत कायम करण्यास हरकत नाही.’”

मला रडू फुटलं. या वेळी मी लपवलंही नाही.

वहिनींनी कागद साहेबांपुढे परत सरकवला. “हरकत नाही म्हणजे काय? हरकत तिची असायला हवी, तुमची कसली? खोडा ते. आनंद आहे लिहा.”

“सरकारी कागदावर आनंद लिहीत नाहीत.”

वहिनींनी आणखी एक शेंग सोलली.

साहेबांनी ‘हरकत नाही’ खोडलं, खोडलेल्या जागी नियमाप्रमाणे बारीक सही केली, आणि वर लिहिलं, ‘आनंद आहे’. मग वहिनींनी हात पुसले आणि जबाबावर सही केली.